नानाजींनी लेकीपुढे तोंड उघडलं

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या विणकर सोसायटीचे चेअरमन माननीय मनोहरराव सोनकुसरे. रामदासपेठेतून खास वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब. आपल्या दवाखान्याच्या दंतवैद्य आणि आजच्या सत्कारमूर्ती डॉ. सिंधूताई पराते, आणि सतरंजी अपुरी पडली तरी कुरकुर न करता बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी रुपराव हेडाऊ, सोसायटीचा सेक्रेटरी. सिंधूताईंची नेमणूक चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात झाली. आपल्या मोहल्ल्यातली, मागाच्या खटखटीत अभ्यास करून दातांची डॉक्टर झालेली पहिली पोर आज सरकारनं मागून नेली. छाती फुगणार नाही तर काय होईल? माझी तर फुगली आहे. कोटाची बटणं बघा.

पण अध्यक्ष महाराज, हा दवाखाना एकदा बंद पडता पडता वाचला आहे. ती गोष्ट आज सांगितली नाही तर कधी सांगायची?

आठ वर्षांपूर्वी सुताच्या गोदामातली एक खोली रिकामी करून आपण त्यांना खुर्ची मांडून दिली. खुर्ची मांडली, पण बसणार कोण? आपल्याकडे रीत काय होती? सकाळी नळावर गेलं की बोटावर तंबाखूची गुडाखू घेऊन दातांना चोळायची. हिरड्यांतून रक्त आलं की म्हणायचं, उष्णता झाली. मग गुलकंद खायचा आणि रक्त येतं तिथं दात घासणंच सोडायचं. दात हलायला लागला की बुधवारच्या बाजारात दात उपटणाऱ्या ताराचंदकडे जायचं. त्याची पकड तयारच. ताराचंद, हसू नको, तूही इथंच बसला आहेस.

सिंधूताई घरोघरी सांगत फिरल्या, "काकू, हिरडीतून रक्त येणं हीच पहिली खूण आहे. दुखत नाही म्हणून रोग नाही असं नसते. जिथं रक्त येते तिथंच मळ साचला असते, तिथंच हलक्या हातानं घासायचं." आमच्या मैनाबाई म्हणाल्या, "गुडाखू लावली का रक्त थांबते वं बाई!" त्यावर त्या म्हणाल्या, "थांबत नाही, लपते. तंबाखूनं रक्त लपवलं, पण आतून हाड झिजूनच राहिलं."

ऐकलं कोणी? नाही. का? तर खुद्द त्यांचे वडील नानाजी पराते डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसायला तयार नव्हते. नानाजी दिवसा मागावर आणि लग्नसराईत बँडमध्ये. नागपूर-कामठीत त्यांच्यासारखा क्लॅरोनेट वाजवणारा नाही, हे मी सांगायची गरज नाही. त्या क्लॅरोनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकवावं लागतं, आणि नेमके तेच चार दात हलायला लागले होते. हिरड्या सुजलेल्या, मागे सरलेल्या, दात लांब दिसायला लागलेले, तोंडाला वास. दात गेले असते तर वाजवणंही गेलं असतं. तरी म्हणायचे, "लेकीले द्यावं, लेकीकडून घेऊ नये. तिच्यापुढं तोंड उघडून पडू काय मी?"

मोहल्ला काय बघत होता? सख्खा बाप जात नाही, तर आपण काहून जायचं!

एका बुधवारी नानाजी ताराचंदच्या पाटावर जाऊन बसले. ताराचंदनं पकड हातात घेतली आणि समोर सिंधूताई उभ्या.

"बाबा, उठा."

"तू घरी जा बाई. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. लहानपणी मले ताप आला का तुमी रातभर मांडीवर घेऊन बसत होते. तवा मी हिशेब केला काय, कोनाकडून घेऊन राहिली म्हनून?"

ताराचंदनं पकड खाली ठेवली, ही त्याची मोठी माणुसकी. नानाजी उठले आणि लेकीच्या मागं मान खाली घालून निघाले.

पण खरी परीक्षा पुढं होती. सिंधूताईंनी दातांवरचा दगडासारखा कीट हिरडीच्या खालपर्यंत खरवडून काढला, गुडाखू बंद केली. आणि झालं काय? दातांत फटी दिसायला लागल्या, पाणी झोंबायला लागलं, रक्त आधीपेक्षा जास्त! मोहल्ल्यात बोभाटा झाला, पोरीनं बापाचे दात ढिले केले. तिच्या आईनं, जिजाबाईनं, रडून घर डोक्यावर घेतलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये खोली परत सुताला द्यावी असा ठराव आला. तेव्हा ही पोर उभी राहिली आणि म्हणाली, "मागाची खुंटी मळानं जाम झाली तर घट्ट वाटते, म्हणून ती मजबूत असते काय? मळ निघाला, आता हिरडी धरेल. एक दात वाचणार नाही, हे मी बाबांना आधीच सांगितलं आहे. बाकीचे वाचतील. लग्नसराईपर्यंत थांबा."

एवढा विश्वास मी मोठमोठ्यांच्या बोलण्यात पाहिला नाही, अध्यक्ष महाराज!

आपण थांबलो. नानाजी सकाळ-संध्याकाळ ब्रश घेऊन ओट्यावर बसायचे, पोरं चिडवायची, ते घासत राहायचे. रक्त थांबलं, सूज गेली. एक दात गेला, तो चारांतला कडेचा. बाकीचे तिन्ही धरले. त्या वैशाखात कामठीच्या वरातीत नानाजींनी असं वाजवलं की नवरदेवाची घोडी अडून राहिली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे रांग होती, आणि रांगेत पहिल्या मैनाबाई.

आज ताराचंदसुद्धा दात उपटण्याआधी म्हणतो, "पहिले ताईले दाखवून ये गा." बायांनो, ताई चालल्या म्हणून गुडाखूच्या डब्या परत काढू नका. सहा महिन्यांनी दात दाखवायचे, साखरेचा आजार असेल त्यांनी तर जरूर दाखवायचे. नवीन डॉक्टर येतील, त्यांना ताटकळत ठेवू नका.

आता शेवटचं. आज सकाळी नानाजी माझ्या घरी आले. म्हणाले, "रुपराव, तू आज बोलशील. मी तिले कधी म्हटलं नाही का माहे दात तिनं वाचवले. बाप आहो, तोंडातून निघत नाही. तू सांग." तर सिंधू, बाई, तुझ्या वडिलांचे हे आभार, इतक्या वर्षांनी, भर सभेत.

सोसायटीच्या वतीनं अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात डॉक्टरांना एकेरी हाक गेली, ताराचंदची थट्टा झाली, पाच मिनिटांची पंधरा झाली. मोठ्या मनानं पोटात घाला. आणखी बोललो असतो, पण पहिल्या रांगेत नानाजींनी वाद्याची पेटी उघडली आहे आणि डोळे पुसता पुसता क्लॅरोनेट ओठाला लावला आहे. त्यांच्यापुढं माझं कोण ऐकणार? बसतो.