शिवरामआप्पांचं बिनपाण्याचं व्रत

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि ऐका. आज एक प्रश्न घेऊन आलोय. घरून निघताना दोनदा वाटलं, नको, दुसरंच आख्यान लावावं. पण विचारतोच! डोळ्यात मोतीबिंदू झाला तर आपण गावभर सांगतो. गुडघा दुखला तर लग्नाच्या पंगतीत सांगतो – शेजारच्यानं विचारलेलं नसताना! मग कमरेखालच्या दुखण्यालाच आपलं तोंड का बंद होतं? तेवढा भाग काय दुसऱ्या कुणी घडवला?

हसा, हसा. बायामंडळींनीही हसावं. तुमच्याच घरातली गोष्ट आहे.

बेलसांगवी नावाचं गाव. तिथल्या सप्ताहाला लांबून लोक येतात. सात दिवस नाम आणि सात दिवस वीणा. वीणेचा नियम तुम्हाला मी काय सांगावा! पूजा होऊन एकदा गळ्यात आली की काल्यापर्यंत तिनं जमिनीला टेकायचं नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात.

त्या गावात दुपारचा पहारा बोराट्यांचा. आज्यानं केला, बापानं केला, आता शिवरामआप्पा करायचे. वय सत्तरीच्या पुढं, पण वीणा गळ्यात आली की माणूस खांबासारखा उभा! त्यांच्या मागचा पहारा बाबूराव तुप्यांचा. दोघं एका वर्गात नापास झालेले, म्हणजे मैत्री पक्की. बाबूराव दरवर्षी चिडवायचे, "शिवा, पाय थकले असतील तर तुझा पहारा मला दे." आप्पा म्हणायचे, "मी गेल्यावर घे."

पण मंडळी, दोन वर्षांपासून आप्पांचं एक गुपित होतं. लघवीला सारखं जावं लागायचं. जाऊन उभं राहावं, तर येईना. आली तर थेंबथेंब. परत येऊन बसावं, की पुन्हा कळ! आप्पांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला, गोदाकाकूंनासुद्धा नाही. पण चाळीस-पन्नास वर्षं एका घरात काढलेल्या बाईला सांगावं लागतं का? त्या एकदा एवढंच म्हणाल्या, "अहो, परसातल्या पेरूला इतकं पाणी लागत नाही. डॉक्टरला दाखवा." आप्पांनी टोपी घातली आणि देवळात निघून गेले. पुरुषाचा हा एक चांगला उपाय आहे – उत्तर सुचलं नाही की देवळात जायचं!

त्या वर्षी सप्ताह जवळ आला आणि आप्पांना घोर लागला. तीन तास वीणा घेऊन उभं राहायचं, मध्येच जावं लागलं तर? मग त्यांनी युक्ती काढली. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही! आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!

पहिला दिवस निभावला. दुसरा निभावला. पण गावाच्या नजरेतून काय सुटतं? चहा पुढं केला, आप्पांनी हात जोडले. तांब्या दिला, हात जोडले. कुणीतरी म्हणालं, आप्पांनी यंदा बिनपाण्याचं व्रत धरलंय. झालं! सुना लेकरांना घेऊन पाया पडायला येऊ लागल्या. काल्याच्या दिवशी शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. आता आप्पांनी काय सांगावं? "बाई गं, हे व्रत नाही, लघवीची भीती आहे," असं म्हणावं? ते गप्प राहिले. गप्प राहून माणूस कधीकधी संत होतो, मंडळी, आणि तिथंच फसतो!

पाचव्या दिवशी पहाऱ्यात कळ आलीच. पाणी नाही प्यायलं म्हणून देहाचं काम थांबतं थोडंच? आप्पांनी दात आवळले. पाया पडणाऱ्यांची रांग समोर, जायचं कसं? पहारा संपला, वीणा बाबूरावांच्या गळ्यात घातली, आप्पा घाईनं घरामागं गेले. आणि थेंबसुद्धा नाही. पोट दगडासारखं झालं. घामानं सदरा भिजला. गोदाकाकू मागं आल्या, त्यांनी एकदा नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुतण्याला हाक मारली, "गाडी काढ."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नळी घातली. तुंबलेलं सगळं वाहून गेलं. आणि आप्पा रडले, मंडळी. दुखलं म्हणून नव्हे. सुटलो म्हणून.

आता झालं काय होतं? हे मी पुस्तकात वाचलं, दोनदा वाचलं, तरी खात्री नाही म्हणून डॉक्टरांना विचारून आलो. चुकलो तर कान धरा.

पुरुषाचं बीज जिथं तयार होतं ती वृषणं देवानं पोटाबाहेर टांगली. का? बीजाला पोटातली ऊब सोसत नाही. आपण माठ चुलीपाशी ठेवतो का? सावलीत, वाऱ्याला ठेवतो! बीज तिथून एका लांब वळणावळणाच्या नळीत मुरतं, मग पोटात वर चढतं, मूत्राशयाला वळसा घालतं. वाटेत एक पिशवी त्याला साखरेची शिदोरी देते. आणि मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली असते एक छोटी गाठ, अक्रोडाएवढी. तिचं नाव प्रोस्टेट. ती बीजाला पातळ रस देते, पोहायला! लघवीची नळी या गाठीच्या मधून जाते आणि बीजही तिथंच त्या वाटेला लागतं. वाट एक, वाटसरू दोन! पण बीज निघालं की मूत्राशयाचं दार मिटतं. दोघांची धक्काबुक्की होत नाही. आपल्याला एसटीच्या दारात हे जमत नाही, मंडळी!

उतारवयात ही गाठ वाढते. बहुतेकांची वाढते, कमी-जास्त. आणि मधली नळी आवळली जाते. पाटाच्या दोन्ही काठांची माती आत सरकावी तसं. यात पाप नाही, चुकलेला उपास नाही, तरुणपणीचा कसला दोष नाही. केस पिकतात, तशी गाठ वाढते.

हे सगळं डॉक्टरांकडून ऐकून घेतल्यावर आप्पांनी दाराकडं पाहिलं, गोदाकाकू बाहेर आहेत ना याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, म्हणजे मी आता पुरुष राहिलो नाही का?"

डॉक्टर म्हणाले, "आप्पा, ही गाठ फक्त पुरुषालाच असते. पुरुष नसता तर माझ्याकडं आलाच नसता."

त्या माणसाचा चेहरा उजळला म्हणतात! दोन वर्षं ज्याची लाज वाहिली, ती तर देवानं दिलेली खूण निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. काही दिवस नळी ठेवू, मग काढून पाहू, नाहीच जमलं तर ऑपरेशन आहे, आणि पाणी मात्र प्यायचं, असं बजावलं.

काल्याचा दिवस. मांडव भरलेला. आप्पा आले, धोतराच्या घोळात नळीची पिशवी लपवून. गावात सांगितलं होतं, उपासानं चक्कर आली. त्यामुळं मान आणखीच वाढलेला! सरपंचांनी शाल उलगडली. कुणीतरी बोलू लागलं, एवढ्या उन्हात, या वयात, पाण्याचा थेंब न घेता...

सांगा मंडळी, तुम्ही काय केलं असतं? शाल अंगावर यायला एक हात अंतर. तीन पिढ्यांचं नाव. गप्प राहिलं की झालं!

आप्पांनी शालीला हात लावून ती थांबवली. म्हणाले, "व्रत नव्हतं. मला लघवीचा त्रास आहे. पहारा सुटेल म्हणून पाणी पीत नव्हतो. परवा लघवी अडली, मरता मरता वाचलो. ही बघा नळी." आणि धोतराचा घोळ बाजूला करून पिशवी दाखवली. मग गोदाकाकूंकडं वळून म्हणाले, "पाणी दे."

काकूंनी तांब्या दिला. भरल्या मांडवात आप्पा तो शेवटपर्यंत प्यायले. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. वीणा बाबूरावांच्या गळ्यात होती. ते म्हणाले, "शिवा, तो डॉक्टर कुठल्या वारी बसतो?"

अरे, सगळा मांडव हसला! बाबूरावांच्या मागं आणखी चार टोप्या हलल्या, त्यांनाही वार हवा होता. शाल तशीच राहिली होती. ती गोदाकाकूंनी सरपंचांच्या हातातून घेतली आणि स्वतः नवऱ्याच्या खांद्यावर टाकली. बाबूराव पुढं आले, वीणा आप्पांच्या गळ्यात घातली. म्हणाले, "पहारा तुझाच. मध्ये जावं लागलं तर जा. मी शेजारी उभा आहे. मला लागली तर तू धर."

मंडळी, मला अभिमान वाटतो तो या माणसाचा. तीन तास उभा राहिला म्हणून नव्हे; भरल्या मांडवात खरं बोलला म्हणून! वीणा खाली ठेवायची नाही हा नियम आहे. दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची नाही असा नियम कुणी केला? ती आजवर टेकली नाही, ती हात बदलले म्हणूनच ना? मग देहाचं ओझं एकट्यानं का धरून बसायचं?

आणि आता तुमच्याकडं येतो. मी बोलायला लागल्यापासून पुढच्या ओळीतले काहीजण उठून मांडवामागं जाऊन आलेत. कोण ते मी सांगत नाही, मलाच लाज वाटेल. पण परत येऊन बसताना तुम्ही एकमेकांकडं पाहिलंत, ते मी पाहिलंय. आता घरी जाताना वाटेत एकमेकांशी बोला. आणि जाण्याआधी – तो तांब्या इकडं द्या, बोलून घसा कोरडा पडलाय. आधी मी पितो, मग तुम्ही प्या. आणि एकदा मोठ्यानं म्हणा, ज्यानं हा सगळा देह घडवला, डोक्यापासून पायापर्यंत, मधलं काहीही न वगळता – त्या विठ्ठलाचं नाव!