रुमालाखालचे घास

तुमी हसाल, पण आमच्या चार वर्षांच्या छकुलीला जेवायला लावायची युक्ती मला घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात सापडली.

गाय बघायला गेल्तो, तवा ही माझ्या कडेवर. तिथं दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करत हुते. पोरगी डोळे मोठे करून बघत बसली.

संध्याकाळी घरी नेहमीचंच. पुढ्यात दूध-भाकरी आणि हिचं तोंड बंद. बायको वैतागली, "आता तुमीच बघा हिच्याकडं!"

मी खांद्यावरचा टॉवेल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि खालून तिची पाचही बोटं दाबली. "पाच घास. बोला शेठ!"

"न्हाई परवडत," म्हणून तिनं माझी दोनच बोटं धरली.

मी चार धरली, तर ही उठून चालायला लागली! हाताला धरून परत बसवली, तवा कुठं तिनावर सौदा पटला. तिन्ही घास तिनं आपल्या हातानं खाल्ले. बायको बघतच राहिली.

आठवडाभर मी लई फुशारकी मारली. काल सकाळी कामाला निघालो, तर छकुली टॉवेल घेऊन दारात उभी.

"काय शेठ, आज कशाचा सौदा?" मी हात पुढं केला. तिनं वरून टॉवेल टाकला आणि खालून माझं एकच बोट मुठीत धरलं.

"एक काय?"

"एक दिवस. घरी ऱ्हायचं."

अर्ध्या दिवसावर आणायचं मनात हुतं माझ्या. पण अर्धं बोट दाबायचं कसं? गाडीची किल्ली परत खुंटीला लावली.