मिटलेली मूळ प्रत

कुणीतरी तुमचे कान भरलेत, काका, त्याशिवाय आपल्या यहुदी प्रार्थनामंदिराचा माणूस असा न सांगता दारात उभा राहत नाही — बसा, ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या — आणि बाबांना हाक मारू नका, आत्ताच जरा पडलेत. दोन वर्षं खपून तुमच्यासाठी नियमशास्त्राची, तोराची, गुंडाळी लिहिली त्यांनी, एका अक्षराची चूक दाखवा. नाही दाखवता येणार. मी तीनदा ताडून पाहिलंय. मग हवंय काय? नियम? मूळ प्रत समोर उघडी ठेवायची, शब्द बघायचा, मोठ्यानं म्हणायचा, मगच लिहायचा, पाठ असला तरी — ठाऊक आहे हो, हे ऐकतच वाढले मी. पण चाळीस वर्षं लिहिलेलं माणसाच्या हाडात मुरतं की नाही? मुरतंच. आणि डोळेच राहिले नाहीत तर बघायचं कशानं? त्या दिवशी मी खोलीत गेले तर मूळ प्रत मिटलेली, तिच्यावर चष्मा, आणि बाबा आपले म्हणतायत नि लिहितायत. कुठलं पान, माहितेय? डोंगराच्या पायथ्याशी लोक देवाला शब्द देतात ना — तू सांगशील ते करू आणि ऐकू — ते. आधी करू, मग ऐकू. एवढी कसली घाई होती, मी म्हणते. करार दोघांत असतो. बाबांनी देवाचं नाव लिहिण्याआधी दर वेळी हात धुतले, थंडीत बोटं फुटली तरी — आणि त्यानं काय केलं? या माणसाचे दोन डोळे सांभाळता आले नाहीत त्याला? आता तुम्ही म्हणाल, न बघता लिहिलेलं पान बाद, देवाचं नाव आहे म्हणून फाडता येत नाही, मातीत पुरा. चांगलं निर्दोष पान. त्यांच्या हातून दुसरं होणार नाही, काका, म्हणून तर मी तोंड शिवून बसले होते, मी पाहिलं हे त्यांनाही माहीत नाही, आणि तुम्ही —

काय? कपाट करायचंय? गुंडाळीची उंची विचारायला आलात?

मग मघापासून गप्प कशाला बसलात. हातभर. हातभर आहे, लिहून घ्या आणि निघा — नाही, मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. दार उघडंच आहे. आता हे कोण? चर्मपत्रवाले मामा, तुम्ही घर चुकलात, आमचं लिखाण संपलंय, आम्ही काही मागवलेलं नाही.

“एकच आणलंय, ताई,” चर्मपत्रवाला म्हणाला. “परवा तुमचे बाबा आले होते दुकानात, भिंती चाचपत. म्हणाले, एक पान पुन्हा लिहायचंय.”