सोमाकाकांची सुट्टी

एमआयडीसीतून महाडला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एकाच ऑफिसातले दोघं बसले होते, शिपाई सोमाकाका आणि कॉम्प्युटर बघणारा राहील.

“काका, कॉम्प्युटर चालू केला की मोठ्या मशीनवरचे, म्हणजे सर्व्हरवरचे, सगळ्यांचे फोल्डर आपोआप जोडले जातात. मी तसं करूनच ठेवलंय.”

“मग परवा मी सुट्टी घेऊन चवदार तळ्यावर गेलतो, त्या दिवशी कुणालाच का दिसले नाय?”

“तेच कळत नाहीये. रोज तर दिसतात.”

“त्या दिवशी सकाळी मोठं मशीन कुणी चालू केलं?”

“शर्मिला मॅडमनी. आधी सगळ्यांचे कॉम्प्युटर लावले, मग ते.”

“तिथंच चुकलं. मी आधी मोठं लावतो, मग चहा पितो. तवर ते जागं होतं. मग बाकीचे लावतो.”

“रोज? कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाय. एकदा उलटं केलं, तर सगळे माझ्यावरच वराडले.”

“काका, तुम्ही रिटायर कधी होताय?”

“ह्याच महिन्यात, एकतीसला. अरे, तुझा स्टॉप आला, उतर!”

“जाऊ दे स्टॉप. आधी सांगा, चहाला किती वेळ लागतो?”