सातवं नाव

नाही, खुर्चीवर नको, ती आपांची, आमच्या बाईंची. त्या बाकावर बस — जपून, एक पाय आखूड आहे त्याचा, उठताना वाजतो. तर कशा होत्या म्हणतेस? पुस्तकात लिहायचंय ना, मग लिही — बुटक्या, जिभेला धार, आणि चहा गार करूनच पिणार. सकाळी शाळा, दुपारी दारोदार मुली मागत हिंडायच्या, त्यातून उरलेल्या वेळात लिहायच्या. लोक चेष्टा करायचे, मुलगी मागायला आलात, मुलगा कुठाय? त्या म्हणायच्या, मुलगा नाही, पाटी आणलीय. आमचे अब्बा म्हणाले, पोरींना कुराण वाचता येतं, बास झालं. तर म्हणाल्या, त्यातला पहिला उतरलेला शब्द 'वाच' आहे, 'बास' नाही. अब्बांना हसू आलं, आणि आम्ही दोघी बहिणी इथे आलो. हजेरीत माझं नाव सहावं, धाकटीचं सातवं. तेव्हा तेवढ्याच मुली. शाळा आता नव्या इमारतीत गेली, ही खोली तेवढी माझ्याकडे राहिली.

हा त्या पहिल्या सात जणींचा हजेरीपट. लांबून बघ. आपांची एक रीत होती — आलेल्या मुलीचं नाव खोडायचं नाही. घरच्यांनी काढून नेली, लग्न झालं, तरी रोज पुकारायचं, जरा थांबायचं, मग पुढचं नाव. म्हणायच्या, दार आपण लावायचं नाही. धाकटीचं नाव अठ्ठावीस वर्षं पुकारलं त्यांनी.

का म्हणजे? काढली तिला. अब्बांनी, आणखी कोण काढणार. आपा एक मासिक काढायच्या, त्यात तिचा लेख आला होता, आमच्या घरातल्या खिळे ठोकलेल्या खिडकीवर. खाली नाव नव्हतं — मुलींची नावं आपा छापत नसत, जपायच्या. मग अब्बांना कसं कळलं? फार विचारतेस पोरी. लेख मीही दिला होता. तो परत आला, वर लाल शाईत एक ओळ — 'हे तू पाहिलेलं नाहीस, ऐकलेलं आहेस.' खरंच होतं ते. चहाडी नाही केली मी. मासिक उघडून अब्बांच्या ताटाशेजारी ठेवलं, इतकंच. खिडकी त्यांनी ओळखली.

महिन्यात तिचं लग्न लावलं. पुढल्या वर्षी बाळंतपणात गेली. आपांना मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं नाव पुकारलं, आणि थांबल्या — माझ्याकडे बघत. मग रोज तसंच. मी इथेच शिक्षिका झाले, तरी तसंच. त्यांना ठाऊक होतं का? मी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

त्या गेल्यापासून मी पुकारते. हो, रिकाम्या खोलीत. सहा नावं नीट होतात. सातव्याला थांबते, आणि तो बाक — तू बसलीयस तो, तिचाच — 'हजर' म्हणायला कुणी उभं राहावं तसा वाजतो. लाकूड आहे, जुनं झालंय. लाकूडच आहे ते.

हे लिहू नकोस. किंवा लिही. माझं नाव घालून लिही.

वेळ झाली हजेरीची. ऊठ आता — हळू, पाय वाजू देऊ नको. आणि जाताना दार लावू नको.