सातव्या जोडीचा हात

मी, खाली सही करणार, वय ६४ वर्षे, धंदा – छापखान्यातून निवृत्त, कामगार संघटनेचा माजी चिटणीस, राहणार – जुन्या गिरणीमागील इमारत, तिसरा मजला, एकटा. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

काल सकाळी आठ वाजता बेटाच्या धक्क्यावरून आम्ही चौदा पर्यटक व एक गाइड कड्यालगतच्या पायवाटेने निघालो. पलीकडच्या उथळ पाण्यात पोहून मासे व पोवळी पाहायची आणि लाँचने परतायचे, असे ठरले होते. पाण्यात कोणी एकट्याने उतरायचे नाही, हा नियम. एकेकटे आलेले आम्ही दोघेच होतो. गाइड म्हणाला, "झाली जोडी! आजोबा, भांडायचं नाही हं." आमची जोडी सातवी.

माझा जोडीदार वजनकाटे दुरुस्त करणारा, साठीचा. उन्हासाठी छत्री आणल्याने सगळे त्याला छत्रीवाले म्हणत. नाव मी विचारले नाही. चढावर मी एकसारखा बोलत होतो. तो म्हणाला, "नेते, भाषण उतारावर करा. इथे टाळ्या वाजवायला हात मोकळे नाहीत." पुष्कळ दिवसांनी मला कोणी अडवले.

अकरा वाजता तिथे आलेल्या लाँचवर सामान ठेवून पाण्यात उतरलो. तोंडात श्वासाची नळी असल्याने बोलणे नव्हते. त्याने दोनदा माझे मनगट धरून मासे दाखवले. बारा वाजून दहा मिनिटांनी परतीची शिट्टी झाली. मी पुढे, तो मागे. लाँचच्या शिडीवर मागे कोणी खोकले. तो तोच, असे मी धरून चाललो. गाइडने डोकी न मोजता जोड्या पुकारल्या. जोडीतल्या एकाने हात वर केला की पुरे. "सात" म्हटल्यावर हात मी वर केला. मागे वळून पाहिले नाही. एकट्या राहणाऱ्याला ती सवय राहत नाही; सबब म्हणून सांगत नाही.

लाँच निघाल्यावर पंचवीस मिनिटांनी गाइडने विचारले, "ही छत्री कोणाची?" तेव्हा आम्ही परत फिरलो. सूर्यास्तापर्यंत शोध झाला. तो मिळाला नाही.

आज सकाळी लाँचमालकाने मला ठाण्याबाहेर गाठले. "काका, ते स्वतःहून मागे थांबले, एवढंच सांगा. तुमचे कोण लागतात ते?" मी म्हणालो, "कोणी लागत नाही म्हणून माणूस पाण्यात सोडून द्यायचा का?" जोड्या मोजण्याची पद्धत चुकीची आहे आणि मालकाने ती वेळ वाचवायला ठेवली आहे, हे लिहावे. वर केलेला हात माझा होता, हेही लिहावे. दोहोंपैकी एकही ओळ गाळल्यास मी सही करणार नाही.

हवालदारांनी त्याचा सहलीसाठी भरलेला अर्ज मला दाखवला. नातेवाइकाचा रकाना कोरा आहे. माझ्याही अर्जात तो कोराच आहे. शोध चालू असेपर्यंत मी बेट सोडणार नाही. कोणी सापडल्यास ओळख पटवायला मला बोलवावे. त्याचा चेहरा नीट पाहिलेला इथे दुसरा कोणी नाही.

हा मजकूर हवालदारांनी मला दोनदा मोठ्याने वाचून ऐकवला. मी सांगितला तसाच आहे, काही गाळलेले नाही.

समक्ष सही केली.