गळ्यातले हातमोजे

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईच्या डोळ्यांवर पट्टी. समोर एक म्हातारे फौजी लढाईच्या आठवणी सांगत होते. लेकीनं त्यांना विचारलं,

"काका, एकाहत्तरच्या लढाईत बर्फात होता व्हय? तवा आमच्या कन्नड गावच्या बाया घरोघरी जवानांसाठी विणायच्या. मी लोकरीचा गुंडा धरून बसायची."

"आईनं काय विणलं?" मी विचारलं.

"हातमोजे. तिला तान्ह्या लेकराचेच येत होते. बोटं बंद, अन् दोन्ही जोडून गळ्यात घालायची दोरी! बाया लई हसल्या. आईला अजून घोर, त्यात बंदूक कशी धरली असंल?"

"तसलेच मला भेटले होते, ताई. बंदूक धरताना काढायचे. बाकीच्यांचे काढले की हरवायचे, माझे गळ्यातच. दाही बोटं शाबूत हायेत."

"आई, ऐकलं का?"

"ऐकलं. दोन्ही हात द्या इकडं, दादा. मोजून बघते."